फावल्या वेळाचा रकाना

लातूर, ता. ११ मे १९४१

ती. बापूमामांना चंद्रप्रभाचा नमस्कार.

मॅट्रिकचा निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात पास झाले. आईनं देवापुढे साखर ठेवली. अण्णा "बरं झालं" म्हणाले. आमच्या अण्णांचं "बरं झालं" म्हणजे दुसऱ्या वडिलांनी गावभर पेढे वाटल्यासारखं असतं, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

आता कामाचं. हैदराबादच्या मुलींच्या कॉलेजात जायचं माझ्या मनात आहे. अर्ज उर्दूत आहे, तो मीच भरला. सोबत स्वतःविषयी एक पान लिहायचं होतं, तेही लिहिलं. अण्णांचं संमतीपत्र जोडलं आहे. राहिली एकच गोष्ट. अर्जातला सगळा मजकूर खरा आहे अशी एखाद्या सरकारी अहलकाराची तसदीक, म्हणजे साक्षीची सही, लागते. तुम्ही नांदेडच्या अदालतीत पेशकार, तुमच्याहून खात्रीचा माणूस मी कुठून आणू? सही करून अर्ज तिकडूनच हैदराबादला पाठवा. ३० जूनच्या आत पोचला पाहिजे.

रुद्राणीमामींना उर्दू येत नाही, म्हणून त्या पानातला मुख्य भाग मराठीत देते. सातव्या रकान्यात विचारलं आहे की उमेदवार फावल्या वेळात काय करते. मी लिहिलं:

"मला दुसऱ्यांचं अक्षर हुबेहूब काढण्याचा छंद आहे. माणूस लेखणी कुठे दाबतो, कुठे उचलतो, कुठे त्याला घाई होते, हे मी आधी पुष्कळ वेळ बघत बसते. आमच्या गावचे पोस्टमास्तर किशनराव 'र' काढून झाला की दम खातात, मग पुढचं अक्षर. गंजबाजारातल्या एका आडत्याच्या मात्रा वाऱ्यावर उडाल्यासारख्या शब्दाच्या पुढे जातात. एखाद्याचं अक्षर मला जमलं की तो माणूस थोडा कळल्यासारखा वाटतो. आजवर अकरा जणांची अक्षरं मला येतात."

मामा, अकरांत तुम्हीही आहात.

यंदा झालं तर झालं. पुढच्या वर्षी अण्णा शाळेतली मास्तरकी सोडून शिरूर अनंतपाळला शेतावर जायचं म्हणतात. तिथून मला कोण हैदराबादला पाठवणार? सही लवकर करा.

आपली,
चंद्रप्रभा

*

नांदेड, ता. १७ मे १९४१

चि. चंद्रप्रभेस आशीर्वाद.

पास झालीस, आनंद झाला. तुझ्या मामीनं शेजारीपाजारी सांगितलं. तो आनंद सातव्या रकान्यापर्यंत टिकला.

पोरी, तू हे काय लिहून बसलीस? बावीस वर्षं मी अदालतीत मिसली, खटल्यांचे कागद, हाताळून राहिलो. दुसऱ्याचं अक्षर हुबेहूब काढण्याला आमच्याकडे जालसाजी म्हणतात. त्याला शिक्षा आहे. आणि तू ते छंद म्हणून, स्वतःच्या नावानिशी, छापील अर्जात लिहून खाली माझी सही मागतेस! आमचा चपराशी मलप्पा पान पुसत होता, त्याला मी सहज विचारलं, अशा माणसाबद्दल तुझं काय मत? तो म्हणाला, "साहेब, चोर कधी सांगून राहिला का, मी चोर हाय म्हणून? पोरगी चांगली असंल." त्याचं म्हणणं मला पटलं, आणि पटल्यामुळे मी जास्तच गोंधळलो.

मामी म्हणते, कशिदा लिही. मुलींच्या कॉलेजात कशिदा कुणालाही आवडतो. मलाही तेच बरं वाटतं. दुसरं पान लिहून पाठव.

पण खरी अडचण पुढेच आहे. वसंतरावांचं संमतीपत्र मी वाचलं. दोन पानं. "माझी मुलगी बुद्धिमान आहे, तिला शिकवणं हे माझं कर्तव्य आहे, तिच्या वाटेत मी येणार नाही." वसंतरावांना मी वीस वर्षं ओळखतो. त्यांनी जन्मात चार ओळींच्या वर पत्र लिहिलं नाही आणि कुणाला बुद्धिमान म्हटलं नाही. मी जुनी पेटी उघडली, त्यांची १९३१ सालची पत्रं काढली, शेजारी ठेवली. तोच 'श', तीच गोल वेलांटी, शब्दांत तेवढंच अंतर. इतकं तंतोतंत की त्यामुळेच शंका आली. दहा वर्षांत माणसाचं अक्षर थोडं तरी म्हातारं होतं. माझं झालं. वसंतरावांचं झालेलं नाही.

मी त्यांना विचारू शकत नाही, कारण तुला ठाऊक आहे. आमच्या विशाखेच्या लग्नात बहिणीच्या घरी अक्षत घेऊन मी स्वतः यायला हवं होतं. कचेरीतून रजा मिळाली नाही, मी पोस्टकार्ड टाकलं. वसंतराव म्हणाले, पोस्टानं आलेल्या बोलावण्याला पोस्टानंच जावं, आणि लग्नाला न येता आहेर मनीऑर्डरनं पाठवला. मी तो परत केला. तेव्हापासून नऊ वर्षं आम्ही एकमेकांना ओळ लिहिलेली नाही. तुझी आई लिहीत नाही, तिला आमच्या घरी कुणी शिकवलंच नाही. तेव्हा तुमच्या घरची खबर मला तुझ्याच पत्रातून कळते, आणि तुझ्याच अक्षरावर आता माझा विश्वास राहिलेला नाही.

खरं सांग. संमतीपत्र तू लिहिलंस का?

तुझा,
बापूमामा

*

लातूर, ता. २२ मे १९४१

ती. मामांना नमस्कार.

संमतीपत्र मी लिहिलेलं नाही. देवाशपथ ते माझ्या हातचं नाही. याहून जास्त मला विचारू नका.

तुमचं पत्र मी पाच वेळा वाचलं आणि माझं डोकं फिरून गेलं. मी खरं लिहिलं, म्हणून माझे सगळे कागद खोटे ठरले. मी कशिदा लिहिलं असतं तर ते साफ खोटं असतं, मला साधा टाका घालता येत नाही, पण मग बाकीचे कागद तुम्ही डोळे मिटून खरे मानले असते. मामा, हा कुठला न्याय? तुम्ही अदालतीत बसता, तुम्हीच समजावून सांगा.

आता मी पुरावा तरी काय देऊ? अण्णांकडून दुसरं पत्र आणलं तर तुम्ही म्हणाल, हेही हिनंच लिहिलं. शाळेच्या हेडमास्तरांकडून आणलं तर बारावं अक्षर शिकली म्हणाल. म्हणून काल जेवताना मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, एका कागदावर अंगठा द्याल का? अंगठा मला काढता येत नाही, हे मामांना मान्य होईल." अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणाले, "सत्तावीस वर्षं मास्तरकी केली, आता अंगठा देऊ?" आणि ताटावरून उठून गेले. आईनंही मग जेवण केलं नाही. मी एकटीच जेवले, कारण मला भूक होती.

तुम्ही दोघं एकमेकांना लिहीत नाही, त्यात मी मधल्या मध्ये मरते. एक ओळ तुम्ही अण्णांना लिहिली असती तर मला शपथा घ्याव्या लागल्या नसत्या. मी लहान तोंडी मोठं बोलते आहे, माफ करा.

रकाना मी बदलणार नाही. त्या पानावर माझ्याविषयी खरी अशी तीच एक गोष्ट आहे. बाकी सगळं कुणीही लिहिलं असतं.

आपली,
चंद्रप्रभा

*

नांदेड, ता. २ जून १९४१

चि. चंद्रप्रभेस आशीर्वाद.

आता मात्र मी हात टेकले.

शुक्रवारी मला वसंतरावांचं पत्र आलं. नऊ वर्षांनी. त्यात म्हटलं आहे की आहेर मनीऑर्डरनं पाठवला ही माझी चूक झाली, रागाच्या भरात माणूस खुळ्यासारखा वागतो, आपण दोघे म्हातारे होत चाललो, आता हे सोडून द्यावं आणि पोरीच्या अर्जावर सही करावी. मामीला वाचून दाखवलं तर ती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "बघा, लई मोठ्या मनाचा माणूस." आणि माझ्यामागे लागली की आजच उत्तर लिहा.

मी लिहायला बसलो. लेखणी शाईत बुडवली आणि थांबलो. पत्रात एक वाक्य आहे: "लहानपणापासून तुमचा राग असाच, रुसलात की मागच्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायचं आणि कुणी हाक मारीपर्यंत उठायचं नाही." मी विहिरीवर जाऊन बसायचो हे वसंतरावांना कसं ठाऊक? ते जगात एका तुझ्या आईला, सिंधूला, ठाऊक आहे. तिनं तुला गोष्ट म्हणून सांगितलं असणार, आणि तू ते वसंतरावांच्या अक्षरात मला लिहिलंस.

तूच सांग, मी काय करावं? पत्र तुझं असेल तर मी एका पोरीच्या थापेला भुलून रडायच्या बेतात होतो, याची मला लाज वाटते. पत्र वसंतरावांचं असेल आणि मी उत्तर दिलं नाही, तर माझ्यासारखा हलकट मीच. गेले चार दिवस माझं असं झालं आहे की कचेरीत स्वतःच्या जुन्या सह्या दिसल्या तरी वाटतं, ही नक्की मीच केली होती का? काल एका मिसलीवर सही करताना मी ती नेहमीसारखी येते का ते बघत बसलो आणि ती आली नाही. सरिश्तेदारांनी विचारलं, तब्येत बरी नाही का?

तसदीकीवर शब्द आहेत, "माझ्या माहितीप्रमाणे खरा". माझी माहिती आज अशी आहे की मला काहीच माहीत नाही. अर्ज टेबलाच्या खणात आहे. हे पत्र कुणाचं ते सरळ लिहिशील तर पुढचं बघू. नाहीतर तो तिथेच राहील.

बापूमामा

*

लातूर, ता. ७ जून १९४१

ती. मामांना नमस्कार.

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका. मामींना सांगितलं तर चालेल, दुसऱ्या कुणाला नको.

दोन्ही पत्रं आईनं लिहिली. दुसरं लिहिल्याचं मलाही ठाऊक नव्हतं, काल तुमचं पत्र दाखवल्यावर तिनं कबूल केलं. आईला लिहिता येतं, मामा. तिची चिठ्ठी सोबत आहे, तिचं ती सांगेल. अण्णांचं मी सांगते.

चार वर्षांपूर्वी अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी पेला सांडायचा. मग लेखणी धरली की अक्षर कागदभर सैरावैरा पळायला लागलं. वैद्य झाले, तेल झालं, काही उपयोग नाही. शाळेत कळलं तर घरी बसवतील. त्यांच्या नोकरीवर आमचं घर आहे. म्हणून ते फळ्यावर स्वतः लिहीत नाहीत, पोरांना एकेक करून उठवतात, "ये, तू लिही." पोरांना वाटतं ही मास्तरांची शिकवायची तऱ्हा आहे. सुटीआधी तपासणीला आलेल्या साहेबांनी या तऱ्हेची तारीफही केली. 

अण्णांची मराठी पत्रं आई लिहिते. शाळेची रजिस्टरं, हजेरी, निकालाचे तक्ते उर्दूत, ते मी लिहिते, अण्णांच्या अक्षरात. रोज संध्याकाळी ते पिशवीतून आणतात, सकाळी घेऊन जातात. अण्णांचं अक्षर मी शिकलेलं पहिलं. बाकीची दहा मग नादानं शिकले, कारण मला त्यात खरोखर गोडी लागली. रकान्यात लिहिलेलं खोटं नाही. फक्त ते फावल्या वेळात सुरू झालं नव्हतं.

संमतीचं असं आहे की अण्णांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "बघू" म्हणाले. आईनं त्या "बघू"चं दोन पानी संमतीपत्र केलं. अंगठ्याचं मी बोलले तेव्हा ते का उठून गेले, हे तुम्हांला आता कळलं असेल. मला ते तोंडातून निघून गेल्यावर कळलं. त्या दिवसापासून मला स्वतःची चीड येते.

मी गेले तर रजिस्टरं कोण लिहील, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. मीही बोलत नाही. मला जायचं आहे, मामा. फार जायचं आहे. आणि जायचं आहे असं लिहिताना आपण चांगली मुलगी नाही असंही वाटतं. दोन्हींतलं कुठलं खरं ते मला कळत नाही. तुम्हांला वाटलं तर अर्ज परत पाठवा.

चंद्रप्रभा

(सोबतची चिठ्ठी)

दादा,

हे अक्षर बघून दचकू नको. हे माझं आहे. माझ्यापाशी दुसरं नाही.

लग्न झाल्यावर ह्यांनी मला लिहायला शिकवलं. दुपारी सासूबाई निजल्या की पाटीवर हे अक्षर काढून द्यायचे आणि मी त्याच्यावरून गिरवायची. बाईमाणसानं शिकलेलं सासूबाईंना खपत नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही, आणि पुढं सांगायचं राहूनच गेलं. ह्यांचंच गिरवलं, म्हणून माझ्या हातातून ह्यांचंच उमटतं. मी कुणाची नक्कल केली नाही रे. मला माझं म्हणून वेगळं काढताच येत नाही.

माफीचं पत्र ह्यांना न विचारता लिहिलं. ह्यांच्या मनात ते आहे, तोंडातून निघत नाही. नऊ वर्षं वाट पाहून मीच लिहून टाकलं. तुला विहिरीवरून उठवायला लहानपणी मीच यायची.

पोरीला जाऊ दे. माझं आयुष्य लई वाईट गेलं असं नाही. पण ती हुशार हाय, आणि दुसऱ्याच्या अक्षरात तिनं किती दिवस लिहावं?

सिंधु

*

नांदेड, ता. १३ जून १९४१

श्रीयुत वसंतराव यांना बापूसाहेबाचा नमस्कार.

पत्र पाहून आपणांस नवल वाटेल. मलाही लिहिताना वाटतं आहे.

पोस्टकार्डाची चूक माझी. रजा मिळाली नाही हे खरं, पण मी हट्टानं मागितलीही नाही. बहिणीचं घर आहे, समजून घेतील, असं मनात धरलं. जवळच्यांच्या बाबतीत आपण फार सोपं धरतो. हे मला नऊ वर्षं कळत होतं.

चंद्रप्रभेचा अर्ज माझ्याकडे आहे. बाकी सगळं ठीक, आपली संमती तेवढी हवी. जोडलेलं पत्र सुबक आहे, पण ते मी पुढे पाठवू शकत नाही. का, ते विचारू नका. मला दोन पानं नकोत. आपल्या स्वतःच्या हातची एक ओळ पुरे, होय किंवा नाही. अक्षर कसं आहे ते मी बघणार नाही. जशी येईल तशी पाठवावी. मुदत ३० जूनची आहे आणि टपालाला दिवस लागतात.

नाही असलं तरी लिहा. पोरीला काय सांगायचं ते मग मी बघेन.

बापूसाहेब

*

लातूर, ता. २० जून १९४१

बापूसाहेब,

हे अक्षर माझं. तुम्ही ओळखणार नाही. हा कागद लिहायला तीन दिवस लागले.

तुम्हांला सगळं ठाऊक आहे, हे तुमच्या पत्रावरून कळलं. न बोलल्याबद्दल आभार.

मी बघू म्हणालो, कारण ती गेली की मी उघडा पडतो. माझी खुर्ची टिकावी म्हणून लेकीला अडकवली. तोंडानं तसं बोललो नाही एवढंच. याची मला लाज वाटते.

परवा हेडमास्तरांसमोर हात धरला. ते भले आहेत. म्हणाले, महिनाअखेर सोडा. अर्धी पेन्शन मिळेल. मग शिरूरला जाऊ.

वेगळ्या चिठ्ठीवर संमती लिहिली आहे. ती जोडा. हा कागद ठेवून घ्या.

तिला यातलं सांगू नका. कळलं तर ती जाणार नाही. सुटी संपली की मी रोज वेळेवर पिशवी घेऊन घराबाहेर पडेन. रजिस्टरं का येत नाहीत विचारील. शाळेनं कारकून दिला म्हणेन. माझं तिला पटणार नाही. ती तुम्हांला विचारील. तुम्ही खोटं लिहीत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तुमच्यावर सोपवतो.

आता हात चालत नाही.

वसंत

*

लातूर, ता. ६ जुलै १९४१

ती. मामांना नमस्कार.

कॉलेजचं उत्तर तुमच्या पत्त्यावर यायचं होतं, आलं का? अण्णांनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली, हे आईकडून कळलं. मला दाखवली नाही. लिहिली तेव्हा दार लावून घेतलं होतं.

इथे मला काही समजेनासं झालं आहे. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले, पण एकही रजिस्टर घरी आलेलं नाही. पिशवी रिकामी येते. विचारलं तर अण्णा म्हणतात, शाळेनं उर्दू कामाला कारकून दिला. मामा, आमच्या शाळेत खडूचा तुकडा मागायलासुद्धा अर्ज करावा लागतो, ती शाळा मास्तरांना कारकून देईल? आईला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणते, "हाव, दिला म्हणं." आणि वर बघत नाही.

अण्णा मात्र अलीकडे हसतात. त्यानं मला जास्त भीती वाटते.

जागा मिळाली असेल आणि कारकुनाचं खरं असेल तर मी जाईन. खरं नसेल तर मी जाणार नाही, मला तिथे एक दिवस पुस्तक उघडवणार नाही. तुमची इथल्या शिक्षण कचेरीत ओळख आहे. विचारून कळवा. घरात मी कुणाचंच धरून चालत नाही, तुम्ही लिहाल ते खरं मानीन.

चंद्रप्रभा

*

नांदेड, ता. १२ जुलै १९४१

चि. चंद्रप्रभेस आशीर्वाद.

जागा मिळाली. कॉलेजचं पत्र काल आलं. हॉस्टेलातही सोय झाली आहे, २१ तारखेला हजर व्हायचं. सातवा रकाना तू लिहिलास तसाच मी पाठवला होता. त्याबद्दल त्यांनी एका शब्दानं काही विचारलेलं नाही. त्यांनी तो वाचला की नाही, आवडला की नाही, काही कळायला मार्ग नाही. दोन महिने आपण मामा-भाचीनं डोक्याला एवढा ताप करून घेतला तो कशासाठी, हे आता मलाही सांगता येणार नाही.

सोबत आणायच्या वस्तूंची यादी त्यांनी दिली आहे: अंथरूण, तांब्या, कंदील, दोन पांढरी लुगडी. मामीनं अंथरूण इथेच शिवायला घेतलं आहे, ते आणू नको. शनिवारी सकाळच्या मोटारीनं निघून नांदेडला ये. मी आठवडाभराची रजा टाकली आहे. तुला कॉलेजच्या दारापर्यंत स्वतः पोचवीन आणि येताना लातूरला उतरून सिंधूला आणि वसंतरावांना भेटेन.

कारकुनाचं तू विचारलंस. मी लातूरला चौकशी करवली. वसंतराव म्हणतात ते खरं आहे. शाळेनं त्यांना कारकून दिला आहे. माणूस तिशीतला आहे, उर्दू अक्षर चांगलं आहे आणि वेळेवर येतो. तो आता कायमचा तिथे राहील, तेव्हा रजिस्टरांची तू मुळीच काळजी करू नकोस.

हे पत्र मी मामीला वाचून दाखवलेलं नाही. कचेरीत बसून लिहितो आहे आणि लगेच मलप्पाच्या हाती टपालात टाकायला देतो आहे. तूही ते कुणाला दाखवू नको, आणि सामान बांधायला घे.

तुझा,
बापूमामा